शनिवार ८.१६ ते रविवार ६.४०

निकाल आधी सांगतो. जानेवारीतल्या त्या दोन दिवसांच्या सायकल रेसमध्ये माझ्या वहिनी शनिवारच्या टाइम ट्रायलला १७ जणींत तिसऱ्या आल्या आणि रविवारच्या रोड रेसला अकराव्या. दोन्ही दिवसांच्या वेळा मिळून नंबर लागणार होते, त्यात त्या नवव्या ठरल्या. क्लबमधल्या बहुतेकांनी "शनिवारी जास्त जोर मारला, रविवारी पाय गेले" एवढं बोलून विषय मिटवला. मला ते पटलं नाही. दोन्ही दिवसांचे पॉवर मीटरचे (पेडलवरची ताकद वॉटमध्ये मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे मी काढले, घरातल्या प्रत्येकाला विचारलं आणि वहिनींच्या परवानगीने त्यांची वही वाचली. लिहून झाल्यावर मजकूर त्यांनाच दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी मला दुरुस्त केलं. त्यातली एक दुरुस्ती फार महत्त्वाची निघाली, ती पुढे येईल.

वहिनींविषयी थोडं

वय ३९, वजन ५८ किलो, नोकरी बेलापूरला बँकेत. नेरुळच्या एकाच सोसायटीत आम्ही दोघे भाऊ राहतो, दादा-वहिनी आणि आई तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पाचव्या. सायकलचं वेड खरं तर दादाचं आणि माझं. लहानपणी मुंबई–पुणे रेसच्या दिवशी बाबा आम्हाला बोरघाटात घेऊन जायचे आणि 'घाटाचा राजा' कोण होतो ते बघायला आम्ही कठड्यावर बसायचो. दादाने पुढे सायकल सोडली, मी रेसमध्ये उतरलो, आणि चार वर्षांपूर्वी वहिनींनी माझी जुनी सायकल मागून घेतली.

मंगळवार-गुरुवार पहाटे पाच वाजता पाम बीच रोड, वाशीच्या अरेंजा कॉर्नरपासून बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत जाऊन परत. रविवारी चढ: कधी पारसिक हिल, कधी खारघरची टेकडी. आठवड्याचे १८० ते २०० किलोमीटर, आणि हे सगळं डबे भरून, मुलाची शाळा आणि बँकेची वेळ सांभाळून. रेसच्या आधीचे १२ आठवडे त्यांनी ठरलेलं एकही सत्र चुकवलं नाही. पॉवर मीटर माझं होतं, ते त्यांच्या सायकलला बसवून दिलं होतं.

आणखी एक गोष्ट. वहिनींचा शनिवारचा उपवास असतो. मुलगा दीड वर्षाचा असताना फार आजारी पडला, तेव्हा त्यांनी तो धरला. अकरा वर्षांत एकही शनिवार चुकलेला नाही. दिवसभर उपवासाचं खायचं आणि रात्री जेवून सोडायचा. क्लबमध्ये हे कळल्यावर एकाने "मग काय, उपवासानेच घात केला" असं म्हटलं. ते का चूक आहे हेही मला इथे दाखवायचं आहे.

शनिवारची सकाळ

उलव्याचे रुंद, सपाट रस्ते. २० किलोमीटर, एकटीने घड्याळाविरुद्ध. टाइम ट्रायलमध्ये दुसऱ्याच्या मागे लपायची मुभा नसते. ताशी ३५ च्या वेगाला सपाटीवर लागणाऱ्या ताकदीतला मोठा वाटा निव्वळ हवा कापण्यात जातो आणि तो स्वतःलाच उचलावा लागतो. वहिनी ७ वाजून ४२ मिनिटांनी सुटल्या, ३४ मिनिटं १० सेकंदांत आल्या. सरासरी १९० वॉट, हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १७१. चौथ्या क्रमांकावरची मुलगी १९ सेकंद मागे. दोन दिवसांच्या रेसमध्ये ही आघाडी चांगली होती, कारण रविवारी बंचबरोबर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मुख्य घोळक्याबरोबर, अंतिम रेषेवर पोचलं तरी तिसरा नंबर बहुतेक टिकला असता.

याहून अधिक सांगण्यासारखं त्या सकाळी काही नाही. सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

मधले तास

८.१६ ला रेस संपली. तिथून दुसऱ्या दिवशी सुटण्याच्या ६.४० पर्यंत बावीस तास चोवीस मिनिटं होती. वहिनींनी ती कशी घालवली याची नोंद मी वही आणि घरातल्यांच्या आठवणी जुळवून केली.

निकाल लागेपर्यंत सव्वादहा वाजले. तोवर एक कप चहा. मग आम्र मार्गाने उन्हातून सायकलवरच घरी, पोचायला अकरा वाजून गेले. आंघोळ, मुलाचा अभ्यास, पुन्हा चहा. दीड वाजता अर्धी प्लेट साबुदाण्याची खिचडी. म्हणजे पाय रिकामे झाल्यापासून पहिला घास पोटात जायला सव्वापाच तास लागले. व्यायामानंतरच्या पहिल्या काही तासांत स्नायू ग्लायकोजेन (पिष्ट पदार्थांपासून बनणारं साठ्यातलं इंधन) सगळ्यात झपाट्याने भरून घेतात, म्हणून लगोलग रेस असेल तर तेव्हाच दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ग्रॅमभर पिष्ट पदार्थ पोटात जावेत असं सांगतात. वहिनींच्या बाबतीत ते तासाला ५८ ग्रॅम. त्यांनी त्या वेळात घेतली ती दोन चहांतली साखर.

दुपारी चार ते रात्री नऊ घरी हळदीकुंकू होतं. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आई ते दरवर्षी करते. ४२ बायका येऊन गेल्या. वहिनी दारात उभं राहून हळदीकुंकू लावत होत्या, अत्तर लावत होत्या, वाणाच्या स्टीलच्या वाट्या देत होत्या, मधेच आत जाऊन मसाला दूध गरम करत होत्या. हातात तिळगुळाचा डबा होता आणि त्यातला एकही लाडू त्यांनी खाल्ला नाही, कारण आमच्या घरात तीळ उपवासाला चालत नाहीत. पाच तासांत त्या बसल्या किती, असं विचारल्यावर म्हणाल्या, "फोन आला तेव्हा."

मी त्याच संध्याकाळी तिथे होतो. आतल्या खोलीत पलंगावर, भिंतीला पाय लावून पडलो होतो, कारण रविवारी माझीही रेस होती. आईने मला एकदा येऊन दूध दिलं. गेली वीस वर्षं रेसच्या आदल्या दिवशी मी असा पडलो की घरात कुणी हाक मारत नाही, टीव्हीचा आवाजही कमी करतात. त्याच घरात त्याच रविवारी दुसरी रायडर रेसला उतरणार होती आणि ती दारात उभी होती. हे मला तेव्हा दिसलंच नाही. लिहिताना अजूनही त्रास होतो.

सव्वानऊला वहिनींनी उपवास सोडला: एक वाटी भात, आमटी, पापड. भूक मेली होती. झोपायला अकरा वाजले, ३.५० चा गजर.

आता हिशेब. शनिवारी येण्याजाण्याचं अंतर, वॉर्म-अप आणि टाइम ट्रायल मिळून मीटरवर सुमारे १,००० किलोज्यूल काम दिसतं. सायकलिंगमध्ये हा आकडा सोयीचा असतो. शरीर जाळलेल्या उष्मांकांपैकी जेमतेम चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचवतं आणि एक किलोकॅलरी म्हणजे सव्वाचार किलोज्यूलच्या आसपास, त्यामुळे पेडलवरचा एक किलोज्यूल म्हणजे जवळपास एक किलोकॅलरी जाळली असं धरता येतं. तेव्हा शनिवारी जास्तीच्या हजारेक किलोकॅलरी गेल्या, त्यातल्या बऱ्याचशा पायांतल्या साठ्यातून. तो भरून पुन्हा रेस करायची तर किलोमागे ६ ते ८ ग्रॅम, म्हणजे दिवसभरात साधारण ३५० ते ४६० ग्रॅम पिष्ट हवं होतं. पहाटेची दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू, खिचडी, भात, चहाची साखर हे सगळं मी उदार मनाने मोजलं तरी २०० च्या पुढे जात नाही.

रविवारी पहाटे लिफ्टमध्ये वहिनी खूश होत्या. "भाऊजी, शुक्रवारपासून सव्वा किलो कमी झालंय. हलकं वाटतंय."

मी म्हणालो, "छान!"

स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. दोन दिवसांत उतरलेलं सव्वा किलो चरबीचं नसतं. टाकी रिकामी असल्याचं काटा सांगत होता. हे मला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला मी लगेच सांगितलं असतं. पण पहाटे साडेचारला आपल्याच माणसाचा आनंद बघून तोंडून "छान" निघून गेलं.

रविवारची रेस

साडेसात किलोमीटरचा फेरा, आठ फेऱ्या, ६० किलोमीटर. प्रत्येक फेरीत दोन यू-टर्न. माझी रेस नंतर होती म्हणून मी दुसऱ्या यू-टर्नला पाण्याची बाटली घेऊन उभा होतो.

पहिल्या तीन फेऱ्या वहिनी सुरेख चालवत होत्या. तिसऱ्या-चौथ्या चाकावर, पुढच्या सायकलच्या आडोशाला. कुणाच्या तरी मागे नीट राहिलं की पाव ते तृतीयांश ताकद वाचते, ती वाचवत होत्या. चौथ्या फेरीत एक तरुण मुलगी सुटली. बंचमध्ये सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या आणि वहिनी एकट्याच तिच्या मागे गेल्या. साडेतीन मिनिटं २३१ वॉट, ठोके १७६. गाठलं. मागोमाग बंचही आला, म्हणजे ती सगळी मेहनत वहिनींनी इतर पंधराजणींसाठी केली. डावपेच म्हणून ही चूक होती आणि त्यांना ती मान्य आहे. पण तिसरा नंबर हाताशी असलेल्या माणसाने पुढे कुणी पळताना स्वस्थ बसावं असं मी तरी म्हणणार नाही.

खाण्याबाबत मात्र घोटाळा झाला. खिशात खजुराचे चार लाडू होते. पहिल्या चार फेऱ्यांत, दाटीत हँडलवरून हात काढवेना म्हणून एकही खाल्ला नाही. पाचव्या फेरीत दोन खाल्ले. तासाभराच्या रेसनंतर तो घास म्हणजे वरातीमागून घोडं.

सहाव्या फेरीचा दुसरा यू-टर्न, ४४ वा किलोमीटर. तोपर्यंत त्या बंचच्या शेपटीला गेल्या होत्या. यू-टर्नला शेपटीत असणं सगळ्यात महाग. पुढच्या जणी वळून वेग घेतात तेव्हा मागची अजून ब्रेकवर असते, मग तिला तेच अंतर दुप्पट जोराने भरून काढावं लागतं, आणि हे प्रत्येक वळणावर. मी दहा फुटांवर होतो. वहिनी वळल्या, उभ्या राहिल्या, दोन-तीन पेडल मारले आणि परत बसल्या. ओठांच्या कडेला मिठाची पांढरी रेघ. पुढच्या सायकलचं चाक आणि त्यांचं चाक यांत आधी हातभर अंतर पडलं, मग सायकलभर, मग दोन सायकली. मी ओरडलो, "वहिनी, चाक सोडू नका!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बाटलीसाठी हातही पुढे केला नाही.

दोन सायकलींचं अंतर बाहेरून काहीच वाटत नाही. पण तिथे आडोसा संपतो आणि त्याच वेगाला एकदम तिसऱ्या हिश्शाने जास्त ताकद लागते, तीही नेमकी संपलेली असताना.

उरलेले १६ किलोमीटर त्यांनी एकटीने काढले, सरासरी १२१ वॉटवर. चौथ्या फेरीत १७६ पर्यंत गेलेले ठोके आता जीव तोडूनही १५७ च्या वर जात नव्हते. बंचच्या मागे ५ मिनिटं २२ सेकंदांनी रेस पूर्ण केली. सोडली नाही. रेषेच्या पलीकडे दादाने सायकल धरली तेव्हा म्हणाल्या, "डोकं सांगत होतं, चला. पाय ऐकतच नव्हते."

कारण कोणतं?

"शनिवारी जास्त मारलं" हे पहिलं मत. डिसेंबरात वहिनींनी सरावात हेच केलं होतं: शनिवारी २० किलोमीटर पूर्ण जोराने, १८८ वॉट, आणि रविवारी आमच्याबरोबर ८० किलोमीटर. तेव्हा शेवटपर्यंत पाय शाबूत होते. म्हणजे नुसत्या शनिवारच्या जोराने पाय गेले असं म्हणता येत नाही.

"वय" हे दुसरं. रेसमध्ये दुसरी आलेली रायडर वहिनींपेक्षा मोठी होती, त्यामुळे यावर मी वेळ घालवत नाही.

"पाळीचं बघितलंत का?" हा प्रश्न माझ्या बायकोने विचारला. योग्य प्रश्न होता, माझ्या डोक्यात आलाच नसता. वहिनी त्या नोंदी ठेवतात. डिसेंबरचा सराव आणि जानेवारीची रेस, दोन्ही महिन्याच्या साधारण त्याच टप्प्यात होते.

राहिला उपवास. डिसेंबरातल्या त्या सरावाच्या शनिवारीही उपवास होताच. त्या दिवसाचं वहीतलं पान असं: घरी आल्याबरोबर दोन केळी आणि ताक, अकराला खिचडी, दोनला रताळ्याचा कीस, पाचला पुन्हा खिचडी, रात्री वरण-भात पोटभर. माझ्या हिशेबाने ३७० ग्रॅमच्या पुढे. तामिळनाडूतल्या सेलमकडून येणारा साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त पिष्ट. केळं, रताळं, वरीचे तांदूळ, राजगिरा, बटाटा, गूळ: उपवासाच्या ताटात सायकलवाल्याला हवं ते सगळं आहे. दाण्याचं कूट आणि तूप जरा कमी करायचं, कारण स्निग्ध पदार्थाने पोट जड राहतं. बाजारातल्या महागड्या पावडरींपेक्षा मला हे ताट पसंत आहे. ज्यांनी वहिनींना "उपवास सोडा" असा सल्ला दिला त्यांनी ताटात काय असतं ते बघितलं नाही, आणि तो उपवास त्यांच्यासाठी काय आहे हेही विचारलं नाही.

मग जानेवारीत ते ताट का नव्हतं? मी लिहिलं होतं, 'हळदीकुंकवाच्या कामामुळे.' इथे वहिनींनी मला दुरुस्त केलं. "भाऊजी, काम मी दरवर्षी करते. आईंना रविवारचं माहीतच नव्हतं."

मी आईला विचारलं. आईची समजूत अशी की रेस शनिवारी सकाळी झाली, नंबर आला, संपलं. रविवारी दादा आणि वहिनी मला बघायला येणार. आम्ही तिघंही बारा आठवडे वॉट आणि ठोक्यांबद्दल बोलत होतो, पण रेस दोन दिवसांची आहे हे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. आई म्हणाली, "अरे, आधी बोलला असतात तर शुक्रवारी ठेवलं असतं. हळदीकुंकवाला शुक्रवारच चांगला."

पुन्हा करून पाहिलं

तीन आठवड्यांनी तेच दोन दिवस आम्ही पुन्हा उभे केले. शनिवारी त्याच रस्त्यावर २० किलोमीटर, उपवास तसाच. फरक एवढाच की सायकलवरून उतरल्यावर पंधरा मिनिटांत दादाने डबा उघडला: दोन केळी, राजगिऱ्याचे लाडू, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. परत गाडीतून. साडेदहाला खिचडी, ती दादाने केली होती, थोडी चिकट झाली पण संपली. दुपारी वरीचे तांदूळ. दोन ते चार वहिनी आतल्या खोलीत आडव्या होत्या आणि दार लोटलेलं होतं. रविवारी पहाटे वजन शुक्रवारपेक्षा २०० ग्रॅमच कमी.

मग क्लबच्या पुरुषांबरोबर ६० किलोमीटर, दर यू-टर्नला मुद्दाम शेपटीत. पहिला लाडू विसाव्या मिनिटाला, पुढे दर वीस मिनिटांनी एक. सहाव्या फेरीत, ४४ व्या किलोमीटरच्या त्याच वळणावर ठोके १७४. चाक सुटलं नाही. शेवटच्या फेरीत वहिनी पुढे येऊन अर्धा किलोमीटर वारा घेत होत्या.

यातून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. रेसच्या आदल्या रात्री झोप पाच तासांची होती, सरावाच्या आदल्या रात्री सात तासांची, त्यामुळे अन्नाचा वाटा किती आणि झोपेचा किती हे वेगळं काढता येत नाही. पाच तास उभं राहण्याचा वाटा तर कुठल्याच मीटरवर दिसत नाही. शिवाय सरावात नंबराचं ओझं नसतं. डिसेंबर, जानेवारी आणि हा सराव, तिन्ही मिळून माझ्यापुरतं एवढं नक्की आहे की रेस ४४ व्या किलोमीटरला संपलेली दिसली, तरी तिची सुरुवात शनिवारी सकाळी ८.१६ ला, रिकाम्या हाताने निकालाची वाट बघत उभं राहण्यात झाली होती.

पुढची दोन दिवसांची रेस जाहीर झाली आहे. आईने कालनिर्णयवर दोन्ही तारखांना गोल केलेत आणि शनिवारच्या चौकोनात लिहिलंय, 'पाहुणे नकोत.' वहिनींचं म्हणणं, त्या शनिवारी दादाच्या हातची खिचडी नको, त्या शुक्रवारी रात्री स्वतःच साबुदाणा भिजवतील. दादा ऐकायला तयार नाही. तो रोज संध्याकाळी थोडी करून बघतो आहे आणि आम्हाला पाचव्या मजल्यावर डबा येतो आहे.